प्रतिकारशक्तीचे ‘सैन्य’ : एका रूपकाची तपासणी

रोगप्रतिकारशक्तीचा धडा आला की फळ्यावर किल्ला येतो. शरीर म्हणजे किल्ला, त्वचा म्हणजे तटबंदी, जंतू म्हणजे चालून आलेला शत्रू आणि पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक. मुलांना हे चित्र आवडते आणि लक्षातही राहते. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, ‘‘पण सर, सैनिकांनी आपल्याच माणसांना मारले तर?’’ याचे उत्तरही ठरलेले असते. ‘‘कधी कधी तसे होते. सैन्य बंड करून उठते. त्याला स्वयंप्रतिकाराचे आजार म्हणतात.’’ एवढे सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

मुलाचा प्रश्न उत्तम आहे. आपले उत्तर मात्र तपासून पाहायला हवे. ते प्रयोगातून आलेले नाही, रूपकातून आलेले आहे. रूपक एकदा स्वीकारले की पुढची वाक्ये तेच पुरवू लागते. सैन्य आहे म्हणून बंड, बंड आहे म्हणून फितूर, फितूर आहेत म्हणून त्यांना हुडकून काढणे. यातले प्रत्यक्ष शरीरात किती घडते?

हे तपासण्यासाठी एकच आजार घेऊ : मायस्थेनिया ग्रेव्हिस. तो दुर्मिळ आहे, पण स्वयंप्रतिकाराच्या आजारांपैकी ज्यांची यंत्रणा सर्वांत नीट उलगडली आहे, त्यांत त्याची गणना होते. शिवाय त्यात टी पेशींची भूमिका अशी आहे की ती सैन्याच्या चित्रात कुठे बसवावी हेच कळत नाही. रूपकाची परीक्षा घ्यायला असेच उदाहरण हवे.

रूपकाचे श्रेय

आधी रूपकाला त्याचे श्रेय देऊ. एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. परक्या वस्तूवर धावून जाऊन तिला गिळणाऱ्या पेशी पाहिल्यावर लढाईची भाषा सुचणे साहजिक होते. लस म्हणजे सैन्याला दिलेली पूर्वसूचना, हे सांगायलाही तीच भाषा उपयोगी पडते. सहावी-सातवीच्या मुलाला गोवराची लस का घ्यायची हे या चित्रातून कळत असेल, तर ते चित्र टाकाऊ म्हणता येणार नाही.

अडचण पुढे आहे. हे चित्र तीन गोष्टी न सांगता गृहीत धरते. एक, नुकसान जिथे झाले तिथे ते करणारा सैनिक सापडेलच. दोन, आपल्यावर उलटणारा सैनिक मुळात सदोष, वेगळा असतो. निरोगी माणसात तो नसतोच. तीन, सैन्य जितके बलवान तितके चांगले. या तिन्ही गृहीतांना आता क्रमाने आजारासमोर उभे करू.

थकणारा स्नायू

इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस याने १६७२ मध्ये एका स्त्रीचे वर्णन केले आहे. ती काही वेळ नीट बोले. पण जास्त वेळ किंवा घाईने बोलावे लागले की तिची वाचाच बसे, आणि विश्रांतीनंतर ती परत येई. मायस्थेनियाचे हे बहुधा सर्वांत जुने वर्णन. आजाराची खूण हीच आहे : स्नायू वापरला की थकतो, विसावला की सावरतो. सकाळी ठीक असलेल्या पापण्या दुपारी झुकतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, जेवताना चावता चावता जबडा दमतो, आवाज नाकातून येऊ लागतो. श्वासाचे स्नायू दमले तर जिवावर बेतते. बर्लिनच्या फ्रीडरिश योली याने १८९५ मध्ये विजेच्या लागोपाठ धक्क्यांनी स्नायूचे आकुंचन कमी कमी होत जाते हे दाखवले आणि आजाराचे आजचे नाव रूढ केले.

बिघाड कुठे आहे याचा सुगावा १९३४ मध्ये लागला. लंडनजवळ ग्रीनिच येथील रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. मेरी वॉकर यांना ही लक्षणे क्युरारेच्या विषबाधेसारखी वाटली. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणाच्या टोकाला लावत ते विष. त्यावर फायझोस्टिग्मीन हा उतारा चालतो, मग तो इथे का चालू नये, असा त्यांचा साधा तर्क होता. त्यांनी तो टोचला आणि रुग्णाची शक्ती काही वेळापुरती परत आली.

हे औषध मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करते. तिथे मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडते, चिमुकली फट ओलांडते आणि स्नायूवरील ग्राही रेणूंना चिकटते. पुरेसे ग्राही उघडले की स्नायू आखडतो. निरोगी सांध्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त ग्राही असतात. लागोपाठ संदेश आले की दर खेपेला सुटणारे रसायन थोडे थोडे कमी होते, पण ग्राहींची शिल्लक भरपूर असल्याने आपल्याला ते जाणवत नाही. मायस्थेनियात ही शिल्लकच संपलेली असते. म्हणून पहिले काही संदेश पोहोचतात आणि पुढचे वाया जातात. थकव्याचा सगळा उलगडा या एका हिशेबात आहे.

आपल्याकडच्या शिक्षकांना एक ओळखीचे उदाहरण सांगता येईल. नाग चावल्यावर माणसाच्या पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, श्वास मंदावतो. नागाच्या विषातील एक प्रथिन याच ग्राहींना घट्ट चिकटते. म्हणूनच सर्पविषाच्या लसीबरोबर अशा रुग्णाला निओस्टिग्मीन, म्हणजे वॉकर यांच्या औषधाचा भाऊबंद, दिला जातो. ग्राहींच्या संशोधनातही सापच मदतीला आला. तैवानमधील चँग आणि ली यांनी १९६३ मध्ये मण्यारीच्या तिकडच्या एका जातीच्या विषातून असेच प्रथिन वेगळे केले. ते ग्राहीला सोडतच नसल्यामुळे ग्राही मोजण्याचे आणि गाळून वेगळे करण्याचे साधन हाती आले.

मग आले १९७३ साल. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांना ग्राहीच्या अभ्यासासाठी त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे हवी होती. त्यांनी विद्युत ईल माशातून ग्राही वेगळे करून सशांना टोचले. सशांनी प्रतिपिंडे तर तयार केलीच, पण ते लुळेही पडले, आणि मायस्थेनियाची औषधे देताच सावरले. माशाच्या ग्राहीविरुद्धची प्रतिपिंडे सशाच्या स्वतःच्या ग्राहीलाही चिकटत होती. त्याच वर्षी फॅमब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती यांनी रुग्णांच्या स्नायूंत ग्राहींची संख्या खूपच घटलेली असते हे दाखवले. १९७६ मध्ये लिंडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी ७१ रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा ८७ टक्के रुग्णांत ग्राहीविरुद्धची प्रतिपिंडे सापडली.

रणांगणावर सैनिक नाहीत

इथे पहिले गृहीत कोसळते. रुग्णाच्या स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सांध्यापाशी लढाई करणाऱ्या पेशींची गर्दी दिसत नाही. टी पेशी तर तिथे जवळपास नसतातच. दिसतात ती ग्राहींना चिकटलेली प्रतिपिंडे आणि रक्तातील पूरक प्रथिने. ही पूरक प्रथिने स्नायूच्या आवरणाला भोके पाडून सांध्याची घडी विस्कटतात.

नुकसानीचा दुसरा मार्ग त्याहून चमत्कारिक आहे. प्रतिपिंड इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे असते, त्याला दोन हात असतात. दोन हातांनी ते दोन ग्राहींना एकत्र बांधते. अशी बांधलेली जोडी स्नायूपेशी स्वतःच आत ओढून घेते आणि पचवून टाकते. ग्राही जुने झाले की ते गिळून नवे बसवणे हे तिचे नेहमीचेच काम आहे. प्रतिपिंडामुळे त्याचा वेग वाढतो एवढेच. ड्रॅकमन यांच्या गटाने १९७८ मध्ये हे पडताळले. प्रतिपिंडाचा एकच हात कापून वापरला तर ग्राही चिकटतात, पण गिळण्याचा वेग वाढत नाही.

म्हणजे ग्राही नाहीसे करण्याचे अर्धे काम जिच्यावर ‘हल्ला’ झाला ती स्नायूपेशीच करते, आणि तेही आपल्या नित्यक्रमाप्रमाणे! लढाईच्या चित्रात या घटनेला जागाच नाही. उलट ‘सैनिक स्नायूंवर तुटून पडतात’ असे वाक्य मुलांना दिले, तर ती सांध्यापाशी सैनिक शोधत बसतील, आणि जे तिथे नाही त्याचे चित्र वहीत काढतील.

दोन सह्या

मग टी पेशी आहेत तरी कुठे आणि करतात काय? प्रतिपिंडांवर बोट ठेवून बहुतेक लोकप्रिय लेख इथेच थांबतात. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. प्रतिपिंड रक्तात मोजता येते, परीक्षानळीत दाखवता येते. ग्राही ओळखणाऱ्या टी पेशी रक्तात फार विरळ असतात आणि त्यांचे काम दुसरीकडेच चालते. पण मोजायला सोपे तेवढेच महत्त्वाचे, असे समजणे ही समीक्षेच्या दृष्टीने मोठी उणीव आहे.

गरोदर मातेला मायस्थेनिया असेल तर तिच्या काही बाळांत, साधारण दहा-वीस टक्के बाळांत, जन्मतःच तीच लक्षणे दिसतात. रडणे क्षीण, चोखण्यात जोर नाही, अंग लुळे. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरलेली असतात. काळजी घेतली तर काही आठवड्यांत बाळ पूर्ण बरे होते. अशी प्रतिपिंडे दर तीनेक आठवड्यांनी निम्मी होत जातात आणि बाळ नवी तयार करत नाही.

निसर्गाने केलेला हा प्रयोग दोन गोष्टी सांगतो. अशक्तपणा आणायला प्रतिपिंडे पुरेशी आहेत. आजार टिकवायला मात्र ती पुरेशी नाहीत. त्यासाठी ती सतत तयार करणारी व्यवस्था लागते, आणि ती आईकडे आहे, बाळाकडे नाही. प्रौढ रुग्णाचे रक्तद्रव्य बदलले तर तो काही दिवसांत सुधारतो आणि थोड्याच आठवड्यांत पुन्हा पूर्वपदावर येतो, त्याचे कारणही हेच.

त्या व्यवस्थेत टी पेशींची जागा आहे. प्रतिपिंडे बनवतात बी पेशी. पण एकटी बी पेशी बहुधा कच्च्या, सैलसर चिकटणाऱ्या प्रतिपिंडांपलीकडे जात नाही. मायस्थेनियातील प्रतिपिंडे मात्र पक्क्या जातीची, घट्ट चिकटणारी असतात. अशी प्रतिपिंडे बनवायला मदतनीस टी पेशीची संमती लागते. ती संमती कशी मिळते हे पाहण्यासारखे आहे. बी पेशी ग्राही रेणू पकडते, आत नेते, त्याचे लहान तुकडे करते आणि एकेक तुकडा आपल्या पृष्ठभागावरील एका पकडीत धरून बाहेर दाखवते. टी पेशीला अखंड ग्राही कधीच दिसत नाही. तिला दिसतो तो हा तुकडा, आणि तोही पकडीत धरलेला. तो ओळखता आला तर ती बी पेशीला उत्तेजन देणारी रसायने सोडते. मगच बी पेशी वाढते, सुधारते आणि पक्की प्रतिपिंडे बनवू लागते.

शाळेच्या बँक खात्यावर मुख्याध्यापक आणि संस्थेचे चिटणीस अशा दोघांच्या सह्या लागतात, तसे हे आहे. एकाच्या सहीने पैसे निघत नाहीत. गंमत अशी की दोघे एकाच कागदाच्या वेगवेगळ्या भागाकडे पाहून सही करतात. बी पेशी पाहते ग्राहीचा बाहेरचा घाट. टी पेशी पाहते त्याच्या साखळीतला एक तुकडा.

याला प्रयोगांचा भक्कम आधार आहे. १९८४ मध्ये राइनहार्ड होलफेल्ड आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातून ग्राही ओळखणाऱ्या टी पेशी वेगळ्या वाढवून दाखवल्या. मदतनीस टी पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-४ हे प्रथिन ज्यांच्यात नाही असे उंदीर, ग्राही टोचूनही आजारापासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहिले. सही करणारा दुसरा माणूस जागेवर नव्हता, म्हणून चेक वटला नाही.

पण त्याच संशोधनातून एक अडचणीची गोष्टही पुढे आली. ग्राही ओळखणाऱ्या टी पेशी निरोगी माणसांच्या रक्तातही सापडतात. तुमच्या-माझ्यातही त्या असू शकतात. दुसरे गृहीत इथे ढासळते. ‘फितूर’ हे काही रुग्णांचे खास वैशिष्ट्य नाही. मग सगळ्यांना मायस्थेनिया का होत नाही?

प्रश्नपत्रिकेत न आलेला प्रश्न

टी पेशींतला ‘टी’ थायमस या ग्रंथीवरून आला आहे. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी बराच काळ निरुपयोगी समजली जात होती. जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात उंदरांतून ती काढली, तेव्हा ते उंदीर जंतुसंसर्गाला बळी पडू लागले आणि परक्या उंदराची कातडीही नाकारेनात. तेव्हा तिचे काम कळले.

आपण शिक्षक तिला टी पेशींची शाळा म्हणतो. ही उपमा किल्ल्यापेक्षा बरी आहे, पण ती आहे फार कठोर शाळा. इथे नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थी नापास होतात, आणि नापास होणे म्हणजे मरणे. परीक्षा दोन. शरीराच्या स्वतःच्या पकडी ओळखता येतात का? आणि त्या पकडींतील स्वतःच्याच तुकड्यांना तू फार घट्ट तर चिकटत नाहीस ना?

दुसऱ्या परीक्षेची प्रश्नपत्रिका कोण काढते? थायमसमधील काही पेशी शरीरभरातील अवयवांची प्रथिने थोडी थोडी स्वतःच तयार करून दाखवतात. ‘एअर’ नावाचे जनुक हे काम घडवते, हे २००२ मध्ये मॅथिस आणि बेनोआ यांच्या गटाने उंदरांत दाखवले. आता शिक्षकाला लगेच कळेल की परीक्षेतला धोका कुठे असतो. प्रश्नपत्रिकेत जो प्रश्न आलाच नाही, तो न येणारा विद्यार्थीही पास होतो. २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात नेमके हेच सापडले. ग्राहीच्या एका भागाच्या जनुकात बारीकसा फरक असेल तर थायमसमध्ये तो भाग कमी तयार होतो, आणि ज्या रुग्णांत हा फरक आहे त्यांना आजार लहान वयात झालेला दिसतो.

म्हणजे इथे बंड नाही, फितुरीही नाही. विद्यार्थ्याने दिलेली प्रश्नपत्रिका प्रामाणिकपणे सोडवली. प्रश्नपत्रिकाच अपुरी होती.

पण शाळेची उपमाही इथे संपते, आणि ती कुठे संपते हे सांगायलाच हवे. ग्राहीविरुद्धची प्रतिपिंडे असलेल्या तरुण रुग्णांपैकी पुष्कळांच्या थायमसमध्ये बी पेशींची केंद्रे तयार झालेली दिसतात. अशी केंद्रे एरवी जंतुसंसर्गाच्या वेळी लसिका गाठींत दिसतात. थायमसमध्ये ग्राही धारण करणाऱ्या, स्नायूसदृश पेशीही असतात. ग्राही, टी पेशी, बी पेशी सगळे एका जागी! शाळेच्या इमारतीत कारखाना सुरू व्हावा तसे हे झाले. सुमारे दहा ते पंधरा टक्के रुग्णांत थायमसची गाठ असते, आणि तिच्यात ‘एअर’चे काम बहुधा बंदच असते.

म्हणूनच थायमस काढणे हा उपचार ठरला. अमेरिकी शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी १९३६ मध्ये गाठ असलेल्या एका तरुणीची थायमस काढली आणि ती सुधारली. ग्रंथीचे काम कळायला तेव्हा पंचवीस वर्षे अवकाश होता. गाठ नसलेल्या रुग्णांतही शस्त्रक्रिया खरोखर उपयोगी पडते का, याची काटेकोर चाचणी मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. १२६ रुग्ण, तीन वर्षे. निम्म्यांना औषध आणि शस्त्रक्रिया, निम्म्यांना फक्त औषध. शस्त्रक्रिया झालेल्यांचा अशक्तपणा कमी राहिला आणि त्यांना स्टेरॉइडही कमी लागले. सुधारणेला महिने, कधी वर्षे लागतात, कारण आधी तयार झालेल्या पेशी शरीरभर पसरलेल्या असतात. शाळा बंद केली म्हणून आधीच बाहेर पडलेले विद्यार्थी नाहीसे होत नाहीत.

लगाम

निरोगी माणसातील ‘ग्राही ओळखणाऱ्या’ टी पेशी गप्प का बसतात, याचे दुसरे उत्तर थायमसच्या बाहेर आहे. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवले की टी पेशींतच एक गट असा आहे, जो इतर टी पेशींना आवरून धरतो. तो काढून टाकला तर उंदरांना एकाच वेळी अनेक स्वयंप्रतिकाराचे आजार होतात. या नियंत्रक टी पेशींसंबंधीच्या संशोधनासाठी २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळाले. मायस्थेनियाच्या रुग्णांच्या थायमसमधील नियंत्रक पेशी संख्येने ठीक, पण कामात कमी पडतात, असे २००५ मध्ये दिसून आले होते.

लगाम काढला तर काय होते याचा अनुभव माणसांतही आला आहे. कर्करोगाच्या काही नव्या औषधांचे कामच टी पेशींवरील लगाम सैल करण्याचे आहे. त्याचा फायदा अनेक रुग्णांना झाला. पण जपानमध्ये निव्होलुमॅब घेतलेल्या ९,८६९ रुग्णांच्या २०१७ मधील पाहणीत १२ जणांना मायस्थेनिया झाल्याचे आढळले. संख्या लहान आहे, पण अर्थ मोठा आहे. या १२ जणांचे ‘सैन्य’ दुबळे नव्हते. उलट ते जोरात होते.

तिसरे गृहीत, बलवान तेच चांगले, इथे निकालात निघते. आणि तीनही गृहीतांत सर्वांत महाग पडणारे हेच आहे.

रूपकाची किंमत

कोणी म्हणेल, शाळेतले रूपक थोडे चुकले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. मायस्थेनियाच्या रुग्णाला स्टेरॉइड किंवा ॲझाथायोप्रिन यांसारखी, प्रतिकाराची क्रिया मंद करणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. ज्याच्या मनात किल्ल्याचे चित्र पक्के बसले आहे, त्याला हे औषध म्हणजे आपल्याच हाताने तटबंदी पाडणे वाटते. मग थोडे बरे वाटले की गोळ्या स्वतःच्या मनाने बंद होतात, आणि कधी तरी श्वासाचे स्नायू दगा देतात.

२०२० च्या साथीनंतर ‘इम्युनिटी वाढवा’ ही घोषणा घरोघरी पोहोचली. चूर्ण, काढे, गोळ्या सगळ्यांवर तोच शिक्का. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. इजेचे स्वरूप स्वयंप्रतिकारासारखे होते. केंद्रीय आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. सहा रुग्णांवरून अंतिम निवाडा होत नाही हे खरे. पण ‘वाढवणे’ नेहमीच चांगले, हे आपण इतके निःशंकपणे मानत आलो की ‘काय वाढवणार? कोणत्या पेशी? लगाम की घोडा?’ हा साधा प्रश्नही आपल्याला पडला नाही. तो न पडण्याची सवय वर्गातच लागली आहे.

आणखी एक किंमत आहे, ती भाषेची. ‘तुझेच शरीर तुझ्यावर उलटले’ हे वाक्य रुग्णाच्या कानाने ऐकून पाहा. त्यात कुठे तरी दोष त्याच्याच पदरी येतो. एकीकडे ‘शरीरद्रोहा’चा ठपका, दुसरीकडे आळशीपणाचा. सकाळी खेळणारे मूल दुपारी पेंगुळते, डोळे उघडे ठेवत नाही, वाचताना आवाज खोल जातो. त्याला ‘कंटाळा करतोस’ म्हणून बसवणे सोपे असते. अशा बहुतेक मुलांना मायस्थेनिया नसतो. पण विश्रांतीनंतर सावरणारा आणि वापराने वाढणारा अशक्तपणा वारंवार दिसला, तर तो पालकांच्या आणि डॉक्टरांच्या कानावर घालणे हे शिक्षकाचे काम आहे. दिवसभर त्या मुलाला पाहणारा दुसरा कोण आहे?

मग वर्गात काय सांगावे

किल्ल्याचे चित्र पुसून टाकावे, असे माझे म्हणणे नाही. जंतूंपुरते ते राहू द्यावे. मात्र स्वयंप्रतिकाराचा प्रश्न आला की ‘बंड’ म्हणून विषय मिटवू नये. आठवी-नववीच्या मुलांना एवढे सहज सांगता येईल : शरीरातील पेशी ‘आपला’ आणि ‘परका’ हे जन्मतः जाणत नाहीत. ते शिकवावे लागते. शिकवणी कधीच पूर्ण होत नाही, म्हणून दोन सह्यांची आणि लगामाची व्यवस्था असते. सर्व व्यवस्था एकाच वेळी सैल पडल्या, तर नेहमीचीच कामे नको त्या ठिकाणी होऊ लागतात.

दोन सह्यांच्या उपमेलाही मर्यादा आहेत. चेकवर सही करणारा माणूस सहीमुळे बदलत नाही. बी पेशी मात्र टी पेशीच्या मदतीने बदलते, अधिक अचूक होते. मायस्थेनियाच्या सगळ्या रुग्णांत लक्ष्यही एकच नसते. २००१ मध्ये काही रुग्णांत ‘मस्क’ नावाच्या वेगळ्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. त्यांची जात वेगळी आणि नुकसान करण्याची पद्धतही वेगळी. तेव्हा उपमा वापरावी आणि ती कुठे तुटते हे मुलांकडूनच काढून घ्यावे. ‘या उपमेत काय बसत नाही?’ हा प्रश्न गृहपाठाला द्यायला फार चांगला आहे.

पाउल अर्लिख यांनी १९०० च्या सुमारास असे मांडले होते की शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करण्याचे टाळते, आणि ते टाळण्यासाठी आत काही तरी व्यवस्था असली पाहिजे. पुढे या विधानाचा पहिला अर्धा भाग लोकांच्या लक्षात राहिला आणि ‘असे होणेच अशक्य’ असा त्याचा अर्थ लावला गेला. दुसरा अर्धा भाग, म्हणजे व्यवस्था कोणती आणि ती कशी बिघडते, शोधायला बराच उशीर झाला. मागच्या बाकावरचा मुलगा याच दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी विचारत असतो. त्याच्यासाठी तासातली पाच मिनिटे राखून ठेवावीत.